नामदेवांची छापील गाथा व तुकाराम तात्या

परभणींतून इ. स. १९९९ मध्यें निराळा झालेला जो हिंगोली जिल्हा, त्यांतील नरसी हें गांव परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. (कऱ्हाडकडील नरसीचाहि एक पक्ष आहे, त्या वादांत येथें शिरत नाहीं.) नामदेवांची वाणी पोथ्यांतून छापील ग्रंथांत आणण्याचा मोठा उद्योग मात्र दूर मुंबईस झाला. हिंगोली तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. तेथील दरबारची भाषा आधीं फारसी व १८८४ पासून उर्दू. मराठी ग्रंथास तिकडून आश्रय कोठला मिळणार?

तुकोबांचें भाग्य निराळें. मुंबई सरकारनें २४,००० रुपये देऊन त्यांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यांत दोन भागांत (१८६९ व १८७३) छापविली. संपादक पंडितद्वयानें देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहिल्या. नामदेवांची सरकारी गाथा निघण्यास १९७० साल उजाडलें.

मधल्या काळांत हा भार उचलला तुकाराम तात्या पडवळ (१८३६-१८९८) यांनीं. ‘जातिभेदविवेकसार’ लिहिणारे व जोतीराव फुल्यांचे स्नेही असलेले हे गृहस्थ पुढें थिऑसफीकडे वळले. त्यांनीं १८८९ त तुकारामगाथा व १८९४ त तत्त्वविवेचक छापखान्यांतून नामदेवगाथा काढली. सरकारी तुकारामगाथेंत सुमारें साडेचार हजार अभंग, तर तात्यांच्या गाथेंत आठ हजारांहून अधिक! निवडण्यापेक्षां गोळा करण्याकडे त्यांचा कल होता, हें यावरून उघड आहे. त्यांस नांवें ठेवणें सोपें. पण न छापल्यानें जें नष्ट झालें असतें त्याचा हिशेब कोण देणार?

तथापि नामदेवांच्या बाबतींत संग्रहाची ही रीत अडचणीची ठरते. सोळाव्या शतकांत महाभारत रचणारा विष्णुदास नामा निराळा. परंतु ‘नामा’ ही मुद्रा त्याचीहि, आणि विष्णूचा दास हें विशेषण कोणत्याहि भक्तास शोभणारें. केवळ मुद्रेवरून कर्ता ठरत नाहीं. शिखांच्या आदिग्रंथांत (१६०४) नामदेवांचीं ६१ पदें आहेत खरीं, पण तीं मराठी नव्हत. तेव्हां मराठी अभंगांचा निवाडा व्हावयाचा तो जुन्या बाडांवरूनच.

म्हणून नरसी, औंढा, वसमत या बाजूस ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं तीं छापील गाथेप्रमाणें विषयवार लावूं नयेत, व सुटीं पानें मागेंपुढें करूं नयेत. अभंगांचा क्रम, शेजारीं उतरलेल्या इतर कवींचीं पदें, शेवटचा शक व मिती, लेखकाचें नांव व गांव, हें सर्व जसेंच्या तसें टिपून ठेवावें. अशुद्ध वाटलें तरी सुधारूं नये.