मासे धरायचा गळ : आधी मासा ठरवा, काठी शेवटी घ्या



पावसाळा सरतो, तलाव भरलेले असतात आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागतात. मग आपल्या नांदेड-लातूरकडच्या गावोगावी लेकरं गळ घेऊन पाण्याकडे निघतात. गोदावरी, मांजरा, मन्याड, आसना, नाहीतर गावाजवळचा पाझर तलाव. पूर्वी वेळूची काठी आणि तंगूस एवढ्यावर भागायचं. आता मोबाईलवर काठी, रीळ, दोरा आणि रंगीत खोट्या माशांचा अख्खा संच घरपोच मिळतो. म्हणून पालक विचारतात, "सर, लेकरू मागं लागलंय, कोणती काठी घेऊ?"

माझं उत्तर एकच असतं : काठीपासून सुरुवात करू नका. कोणत्या पाण्यात कोणता मासा धरायचा हे आधी ठरवा. त्यावरून आमिष, आमिषावरून काटा, काट्यावरून दोरा, दोऱ्यावरून रीळ आणि सगळ्यात शेवटी काठी. खरेदीचा क्रम असा उलटा ठेवला तर पैसे वाचतात. आणि याच क्रमाने शिकवलं तर विज्ञान-गणिताचे चार-पाच घटक वर्गात सहज होऊन जातात.

१) माशाचं तोंड बघा

आपल्या तलावांत कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे सर्रास सोडले जातात. तिघं एकाच पाण्यात राहतात, पण जेवायची जागा वेगळी. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात खातो. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला असतं, तो तळाशी चरतो. म्हणजे आमिष किती खोल सोडायचं हे माशाचं तोंडच सांगतं.

हे तिघं दुसऱ्या माशाचा पाठलाग करून खाणारे नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा घट्ट गोळा, त्यात भुईमुगाची पेंड किंवा तांदळाचा कोंडा चालतो. तिलापियाला गांडूळ आवडतं. मरळ आणि शिंगाळा हे मात्र शिकारी. बेडूक, लहान मासे, किडे हे त्यांचं खाणं.

वर्गात फळ्यावर तीन माशांची फक्त तोंडं काढा आणि विचारा, "कोण कुठं जेवत असेल?" मासेमारी करणाऱ्या घरातलं एखादं लेकरू असेल, तर ते तुमच्याआधी उत्तर देतं.

२) खोटं आमिष सगळ्यांसाठी नसतं

लाकूड, धातू, प्लास्टिक किंवा रबराचं खोटं आमिष म्हणजे ल्यूर. त्याला वास नसतो, चव नसते. मासा फसतो तो हालचालीला, चकाकीला आणि थरथरीला. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते. तिच्यातून त्याला पाण्यातली कंपनं कळतात. त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याला हलणारी वस्तू सापडते.

याचे मुख्य प्रकार असे :
- चमचा : धातूची वाकडी पट्टी. ओढली की डुलते आणि जखमी माशासारखी चमकते.
- फिरकी : तारेभोवती गरगर फिरणारं पातं. गढूळ पाण्यात थरथर चांगली पोचते.
- प्लग : लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा. पुढे छोटी जीभ असेल तर ओढल्यावर पाण्यात बुडी मारतो.
- रबरी बेडूक : शेवाळ आणि कमळाच्या पानांवरून उड्या मारत येतो. याचे काटे अंगाला चिकटून वर असतात, म्हणून पानांत अडकत नाहीत. मरळीसाठी हाच नेमका.

आता हिशेब करा. तुमच्या गावच्या तलावात रोहू-कटलाच असतील, तर पन्नास खोट्या माशांचा संच डब्यातच राहणार. तिथं दहा रुपयांची पेंड जास्त कामाची.

३) काट्याचे नंबर उलटे का?

आपण सगळ्या सामानाला गळ म्हणतो, पण खरा गळ म्हणजे तो वाकडा काटा. त्याचे नंबर लेकरांना गोंधळात टाकतात. नंबर १० चा काटा लहान, ४ चा त्याहून मोठा, १ चा आणखी मोठा. त्यापुढे १/०, २/०, ३/० असे वाढत जातात. म्हणजे १ पर्यंत नंबर जितका मोठा तितका काटा लहान, आणि शून्य लागलं की उलट. (तिसरी-चौथीला चढता-उतरता क्रम शिकवताना हे उदाहरण विसरत नाहीत.)

काटा माशाच्या तोंडाच्या मापाने घ्यायचा. टोकाजवळचा उलटा दात मासा सुटू देत नाही. लेकरांसाठी मात्र तो दात पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडणं सोपं जातं, आणि चुकून बोटात घुसला तरी इजा कमी होते.

४) दोरा : दुप्पट जाडी, चौपट ताकद

१९३८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जगापुढे आणलं. त्यानंतर रेशमी आणि सुती दोरे हळूहळू मागे पडले. आपला तंगूस म्हणजे हाच नायलॉनचा एकसलग धागा. तो थोडा ताणला जातो, म्हणून माशाचा पहिला हिसका सहन करतो. शिकणाऱ्यासाठी हाच बरा. दुसरा प्रकार विणलेला दोरा. तो ताणत नाही, बारीक असूनही मजबूत असतो आणि शेवाळ कापत येतो. मरळीला तो उपयोगी. पण हाताला गुंडाळून ओढला तर बोट कापतो, हे लक्षात असू द्या.

रिळावर ताकद बहुधा पौंडात छापलेली असते. १ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो. तर १० पौंडांचा दोरा जवळपास साडेचार किलोचा ताण सोसतो. आणि ०.२० मिमीऐवजी ०.४० मिमी जाडीचा तोच दोरा घेतला तर? व्यास दुप्पट, पण छेदाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून ताकदही साधारण चौपट. मग जाडच का घेऊ नये? कारण जाड दोरा माशाला दिसतो, रिळावर कमी मावतो आणि लांब फेकला जात नाही.

दोरा बहुतेक वेळा तुटतो तो गाठीपाशी. साधी खात्रीची गाठ अशी : दोरा काट्याच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढा. आता महत्त्वाचं, गाठ पाण्याने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ झटक्यात ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं.

५) बोंड आणि वजन

दोऱ्यावर तरंगणारं बोंड दोन कामं करतं : आमिष ठरलेल्या खोलीवर धरतं आणि मासा लागल्याची खूण देतं. विकतचं बोंड नसलं तरी अडत नाही. ज्वारीच्या धाटातलं भेंड, ज्याच्या आपण लहानपणी बैलगाड्या केल्या, ते उत्तम तरंगतं.

बादलीत पाणी घ्या. भेंडाच्या तुकड्याला दोऱ्याने एकेक लहान नट अडकवत जा. फक्त शेंडा पाण्यावर दिसेल तिथं थांबा. उत्प्लावक बल आणि वजन यांचा मेळ लेकरांना डोळ्यांनी दिसतो. शेंडा जितका कमी वर, तितका माशाने हळूच दिलेला झटकाही लगेच कळतो.

बाजारात वजनं शिशाची मिळतात, आणि ती दोऱ्यावर दाताने दाबायची सवय खूप जणांना असते. शिसं विषारी आहे. लेकरांच्या हातात लोखंडी नटच द्या.

६) रीळ : बाटलीचीच शिकलेली बहीण

प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळायचा, बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं आणि वजन फेकायचं. बाटली फिरत नाही, दोरा तिच्या कडेवरून सुळसुळ सुटत जातो. आज दुकानात सगळ्यात जास्त दिसणारं स्पिनिंग रीळ याच तत्त्वावर चालतं. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड या कापडगिरण्यांच्या गावातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये असं रीळ पेटंट केलं. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सुटतं, ते त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये ज्यांच्या घरातल्यांनी काम केलं, त्यांना बॉबिन वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या प्रकारच्या रिळात चकतीच फिरते. फेकताना अंगठ्याने तिचा वेग आवरावा लागतो, नाहीतर दोऱ्याचा गुंता होतो. शिकणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

रिळावर ५:१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरा गुंडाळणारा भाग पाच वेळा फिरतो. चकतीचा घेर १५ सेंमी असेल तर एका फेऱ्यात ७५ सेंमी दोरा परत येतो. २० मीटरवरचं आमिष आणायला किती फेरे? साधारण २७. गुणोत्तराचं गणित तयार!

रिळाला ड्रॅग नावाचा ब्रेक असतो. ठरावीक ताणापेक्षा जास्त ओढ लागली की तो दोरा सोडतो, तोडू देत नाही. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढ्यावर तो लावायचा. साडेचार किलोच्या दोऱ्याला साधारण सव्वा किलो. शाळेच्या प्रयोगपेटीतला ताणकाटा दोऱ्याला अडकवून ओढा आणि बघा.

७) आता काठी

सहावीच्या 'साधी यंत्रे' या पाठातली तरफ आठवा. खालचा हात टेकू, वरचा हात बल, शेंड्याला मासा म्हणजे भार. चिमट्यासारखी ही तिसऱ्या प्रकारची तरफ. टेकूपासून वरचा हात दीड फुटावर आणि शेंडा साडेसात फुटांवर असेल, तर १ किलोच्या ओढीला हाताला ५ किलोचं बल लावावं लागतं. मिळतं काय? वेग. हात थोडा हलला की शेंडा पाचपट हलतो, म्हणून आमिष लांब जातं. काठी वाकली की भाराचं अंतर कमी होतं आणि हाताला आराम पडतो. वाकणं हा काठीचा दोष नाही, तेच तिचं काम आहे.

यावरून निवड अशी करा. दहा-बारा वर्षांच्या लेकराला ५ ते ६ फूट, मोठ्यांना तलावाच्या काठावरून ७ ते ८ फूट. फक्त शेंड्याजवळ वाकणारी काठी ल्यूरसाठी, मधल्यापर्यंत वाकणारी कणकेच्या आमिषासाठी, कारण मऊ गोळा झटक्याने गळून पडतो. काचतंतूची म्हणजे फायबर ग्लासची काठी स्वस्त आणि दणकट. कार्बनची हलकी, पण ठोकर लागली तर तडकते. आणि रीळ नकोच असेल, तर वेळूची सरळ, वाळवलेली काठी आजही कमी पडत नाही.

८) हे मात्र आधी सांगा

मासा न लागला तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी चुकता कामा नयेत.

- पाणी दिसतं त्यापेक्षा खोल असतं. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे ४ फूट खोल पाणी वरून जेमतेम ३ फूट वाटतं. अडकलेला गळ सोडवायला लेकरू उतरतं, ते याच फसव्या अंदाजाने. नियम पक्का ठेवा : अडकला तर दोरा कापायचा, पाण्यात उतरायचं नाही. मोठं माणूस सोबत नसेल तर जायचंच नाही.
- विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नांदेडला गोदावरीचं पाणी झपाट्याने चढतं. विसर्गाची सूचना असताना नदीकाठ टाळा.
- कार्बनच्या काठीतून वीज वाहते. नदीकाठी शेतीपंपांच्या तारा असतात. तारेखाली काठी उभी करू नका. आभाळ गडगडलं की काठी खाली ठेवून पक्क्या घराकडे निघा.
- काटा बोटात रुतला तर ओढू नका. दोरा कापा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.
- तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायात अडकतो. गोळा करून घरी आणा.

९) लाल पिलांचा थवा आणि आपण

पावसाळ्यात उथळ पाण्यात कधी कधी लालसर-नारिंगी पिलांचा थवा वर-खाली होताना दिसतो. ही मरळीची पिलं. खाली त्यांचे आई-बाप पहाऱ्यावर असतात. कोणतीही वस्तू जवळ पडली की ते धावून येतात. भुकेने नाही, राखणीसाठी. म्हणून तिथं रबरी बेडूक फेकला की मरळ हमखास लागते. तिथं गळ टाकू नये, हे लेकरांना जरूर सांगा. एक मोठा मासा मिळतो आणि राखणदार गेल्यावर अख्खा थवा इतर मासे फस्त करतात.

आणखी एक. आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यातले मासे संस्थेने बीज विकत घेऊन सोडलेले असतात, तिच्या सभासदांची चूल त्यावर चालते. आपला छंद तिथं विचारूनच करावा. भोई समाजातल्या एखाद्या जाणत्या काकांना शाळेत बोलावून हा पाठ त्यांच्याच तोंडून ऐकवलात तर सगळ्यात चांगलं. ज्या लेकराला वाचताना अडखळायला होतं, ते आपल्या बापाची गाठ फळ्यासमोर उभं राहून बांधून दाखवतं, तेव्हा वर्गाला त्याची नवी ओळख होते.

वर्गासाठी प्रश्न
१. मृगळासाठी आमिष वर ठेवाल की तळाशी? का?
२. ६:१ च्या रिळाचा घेर १२ सेंमी असेल, तर १८ मीटर दोरा गुंडाळायला किती फेरे लागतील? (उत्तर : २५)
३. तुमच्या घरी कोणत्या माशाला काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारून पाच नावं लिहून आणा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत जपून ठेवा. गावागणिक नावं बदलतात, आणि ती कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.