खरी की ठरवलेली?

१९५४ साली मुंबईत हमीदा बानू आणि वेरा चिस्टिलिन यांची कुस्ती झाली. वेरा रशियाची अस्वलीण म्हणून ओळखली जायची. कुस्ती मिनिटभरही टिकली नाही, हमीदा बानूंनी बाजी मारली. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला त्यांनी बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं होतं. आधी त्यांची जोड छोटा गामा या पैलवानाशी ठरली होती; बाईशी लढणार नाही असं सांगून तो ऐनवेळी मागे हटला. जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन, हे हमीदाबाईंचं आव्हान तेव्हा वर्तमानपत्रांत गाजत होतं.

आणि तेव्हापासूनच लोक एक प्रश्न विचारत होते. बाई गड्याला हरवते म्हणजे कुस्ती खरी कशी? गडी पैसे घेऊन पडला असणार. एका कुस्तीनंतर तर लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. हमीदा बानूंनी सरळ मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. मोरारजींचं उत्तर असं होतं, की बाई आहात म्हणून तुमच्या कुस्त्या थांबवलेल्या नाहीत. आयोजक तुमच्यासमोर खोटे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, म्हणून थांबवल्या.

सत्तर वर्षांचा मागोवा घेताना मला हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बंदीचा फटका बसला हमीदा बानूंना, पण बोट ठेवलं होतं आयोजकांवर. मुंबईच्या कुस्तीशौकिनांनी खरी की खोटी हा प्रश्न नेहमी पैलवानाला विचारला. ज्याने तिकिटं विकली, जोड लावली, गल्ला मोजला, त्याला तो क्वचितच विचारला गेला.

त्या काळचा मुंबईचा प्रेक्षक भोळा होता असं कुणी समजू नये. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड इथल्या गिरणी कामगारांपैकी कितीतरी जण सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेले. गावच्या जत्रेतले फड पाहत वाढलेले, काही स्वतः लांग चढवून मातीत उतरलेले. गिरणगावात तालमी होत्या. पाळी सुटली की माणसं जोर-बैठका मारायला जात. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभं आहे. ढाक कशी लागते, एकेरी पट कधी काढायचा, घिस्सा मारताना हात कुठे रोवायचा हे या लोकांना वस्तादाकडून कळलेलं होतं. बरोबरीच्या जोडीची मातीतली कुस्ती किती कंटाळवाणी होऊ शकते हेही त्यांना माहीत होतं. खडाखडीतच वीस मिनिटं जातात, कुणी कुणाला हात देत नाही, शेवटी पंच बरोबरीत सोडवतो आणि हलगीवाला थकून बसतो.

दोरांच्या चौकटीतली फ्री स्टाईल कुस्ती अशी कधीच संपत नसे. तिथे निकाल लागायचाच, तोही वेळेत. पैलवान दोरांवरून उसळून यायचा, उचलून आपटायचा, खलनायक पंचाची नजर चुकवून गळा दाबायचा. मातीतला जाणकार डोळा हे पाहून काय ते समजत होता, तरी तिकीट काढत होता. डाव पाहायचे असतील तर तालीम होतीच. इथे पाहायची होती ती राक्षसासारखी माणसं आणि त्यांना लोळवणारा आपला गडी.

तो गडी म्हणजे दारा सिंग. अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचकमध्ये १९२८ साली जन्मलेला हा जाट जवान स्वातंत्र्याच्या सुमारास सिंगापूरला गेला आणि तिथेच या व्यवसायात शिरला. १९५४ साली टायगर जोगिंदर सिंगला हरवून तो रुस्तम-ए-हिंद झाला, १९५९ साली कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता. पण लोकांच्या तोंडी राहिली ती दारा सिंग आणि किंग काँग ही जोडी. किंग काँग म्हणजे एमिल चाया, हंगेरियन वंशाचा, दोनशे किलोंच्या घरातला, दाढीवाला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या या दंगली मुंबईकरांच्या एका आख्ख्या पिढीने पाहिल्या. दाराने किंग काँगला डोक्यावर उचलून गरागरा फिरवलं, ही गोष्ट तर ज्यांनी पाहिली त्यांनी आणि ज्यांनी नाही पाहिली त्यांनीही तितक्याच ठामपणे सांगितली आहे.

दारा सिंगांच्या बाबतीत शौकिनांचा सगळ्यात अवघड प्रश्न १९६८ चा आहे. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि ते जगज्जेते झाले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता तारखा समोर ठेवून पाहू. थेझचा जन्म १९१६ चा, म्हणजे मुंबईच्या कुस्तीवेळी त्यांचं वय ५२. नॅशनल रेसलिंग अलायन्सचा जागतिक किताब त्यांनी १९६६ च्या जानेवारीतच जीन किनिस्कीकडे गमावला होता आणि १९६८ मध्येही तो किनिस्कीकडेच होता. मग मुंबईत पणाला लागला तो किताब कोणता? या व्यवसायात सगळ्या जगाची मिळून एक संघटना कधीच नव्हती. ज्याला जिथे दंगल भरवायची तो तिथे जगज्जेतेपद लावू शकत होता. कुस्ती झाली हे खरं, निकाल लागला हेही खरं. किताबाचं वजन मात्र आयोजकाने ठरवलेलं होतं.

याच थेझने पुढे आपल्या आत्मचरित्रात दारा सिंग अस्सल कुस्तीगीर होते, शरीर उत्तम कमावलेलं होतं, आणि त्यांच्याकडून हरायला आपल्याला अडचण वाटली नाही, अशा अर्थाचं लिहिलं. थेझ स्वतः खऱ्या पकडींचा निष्णात माणूस होता. उगाच कुणाला मोठं करणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या या कबुलीत मला दोन्ही उत्तरं दिसतात. निकालाला त्याची संमती होती, आणि समोरचा माणूस त्या निकालाच्या लायकीचा होता. दारा सिंगांचा मोठेपणा पाचशे लढती आणि एकही हार नाही या आकड्यावर उभा नाही. तो आकडा व्यवसायाने बनवला. शरीर त्यांनी स्वतः बनवलं होतं.

इथे शरीराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ठरवलेली म्हणजे लागत नाही, हा गैरसमज अजून जात नाही. रिंगणाखाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेलं कॅनव्हास. पडणारा हनुवटी छातीला लावतो, पाठीच्या वरच्या भागावर सपाट पडतो आणि दोन्ही हात आपटून मार पसरवतो. हे शिकायला महिनोन् महिने जातात. नीट पडलं तरी मणका दर वेळी हादरतोच. जिंकणार कोण आणि शेवट कसा, एवढं बहुधा आधी ठरलेलं असतं. मधलं बरंचसं दोघे कानात कुजबुजत जागच्या जागी रचतात, पंच निरोप पोचवतो. कपाळावरचं रक्त अनेकदा पैलवानाने स्वतःच ब्लेडने काढलेलं असतं, पण ते रक्तच असतं. हे गुपित बाहेर फोडायचं नाही हा धंद्याचा अलिखित नियम होता. पैलवान तो घरच्यांपाशीही पाळत.

नियम मोडला तो मालकांनी, आणि तोही पैशासाठी. १९८९ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने (डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आताची डब्ल्यूडब्ल्यूई) मान्य केलं, की आमचा हा खेळ म्हणजे करमणूक आहे. खेळ म्हटला की सरकारी देखरेख आली, कर आला. करमणूक म्हटली की सुटका.

आपल्याकडे मात्र ही बातमी पोचण्याआधी केबल पोचली. त्याच्याही आधी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांची घरं हलली, तालमींचा खुराक बंद झाला, तिकीट काढून वरळीला जाणारा प्रेक्षकच विस्कटला. १९८३ साली दारा सिंगांनी दिल्लीत निवृत्ती घेतली. पुढच्या पिढीने त्यांना 'रामायण' मालिकेतला हनुमान म्हणूनच ओळखलं. आणि नव्वदीत गिरगावच्या, लालबागच्या चाळींतल्या मुलांपुढे टीव्हीवर अंडरटेकर, ब्रेट हार्ट, योकोझुना हे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पैलवान आले.

त्यांच्यामागोमाग आले ते पत्ते. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड. उंची, वजन, छाती, दंड, किती लढला, किती जिंकला, क्रमांक कितवा. चाळीच्या जिन्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत हे आकडे मुलांना पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. ते कुणी छापले, कशावरून छापले, याची चौकशी कुणी केली नाही. मला त्यात दारा सिंगांच्या पाचशे लढतींचाच वारसा दिसतो. या व्यवसायाला आकडे लागतात आणि शौकिनाला ते हवेच असतात.

१९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलला म्हणून मुलांत भांडणं लागली. पडद्यावर होता तो ब्रायन ली. गमतीची गोष्ट अशी की १९९४ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या समरस्लॅममध्ये खऱ्या अंडरटेकरसमोर नकली अंडरटेकर म्हणून उतरवलेला माणूस हाच. म्हणजे हिंदी सिनेमाने कंपनीचाच तोतया आणला होता.

मग काही घटना अशा घडल्या की मुलांचे प्रश्न एकाएकी मोठ्यांचे झाले. ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये ठरलेला निकाल बदलल्याचं ब्रेट हार्टला न कळवता मालकाने घंटा वाजवायला लावली. ठरवलेल्या कुस्तीतही फसवणूक होऊ शकते, हे जगाने प्रथम इतकं उघड पाहिलं. २३ मे १९९९ ला त्याचाच धाकटा भाऊ ओवेन हार्ट कॅन्सस सिटीत छतावरून दोराने उतरताना कोसळून मेला. कार्यक्रम थांबवला नाही. रिंगणात तो जिथे पडला तिथेच पुढच्या लढती झाल्या. २००७ च्या जूनमध्ये याच कंपनीचा पैलवान क्रिस बेन्वा याने बायको आणि लहान मुलाला मारून आत्महत्या केली. मेंदूला वर्षानुवर्षं बसलेले हादरे, स्टेरॉइड, वेदनाशामक गोळ्या यांची चर्चा तेव्हा कुठे घराघरांत झाली. इतकं होऊनही अमेरिकेतल्या या कंपनीत पैलवान कागदोपत्री नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. गिरणगावात बदली कामगाराच्या घरात वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

महाराष्ट्रातही हा धंदा उभारायचा एक प्रयत्न झाला. 'रिंग का किंग' या मालिकेचं चित्रीकरण पुण्यात बालेवाडीला झालं, २०१२ साली ती कलर्स वाहिनीवर लागली. जेफ जॅरेटसारखे अमेरिकेतले नावाजलेले पैलवान आले. एका हंगामावर ती थांबली.

दरम्यान जिला आपण खरी म्हणतो, ती कुस्तीही वादातून सुटली नाही. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळला विजयी घोषित केल्यावर, आपली पाठ टेकलीच नव्हती असं म्हणत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर पाय उचलणं अक्षम्य आहे, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण हजारो लोकांसमोर खांदे टेकले की नाही याची शंका उरू नये, यासाठी आयोजकांनी काय केलं होतं, हा प्रश्न त्या शिक्षेखाली झाकला गेला. पुन्हा पैलवानच दिसला.

दारा सिंग १२ जुलै २०१२ ला मुंबईत गेले. २०१८ साली डब्ल्यूडब्ल्यूईने त्यांचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घातलं. हमीदा बानूंचं उतारवय कल्याणला दूध आणि नंतर रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकण्यात गेलं. २०२४ च्या ४ मे रोजी गुगलच्या पानावर त्यांचं चित्र झळकलं, तेव्हा मुंबईतल्या अनेकांनी ते नाव प्रथमच वाचलं. मोरारजींकडे तक्रार करणारी ही बाई याच शहरात लढली होती. १ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर आले आहेत, आणि लालबागची मुलं आता मोबाइलवर तोच प्रश्न विचारतात.

वरळीच्या दंगली पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून किंग काँगला कसा उचलला हे ऐकायला सगळेच बसतात. त्यांना तिकीट किती होतं तेही विचारून घ्यावं, भित्तिपत्रकावर आयोजक म्हणून कुणाचं नाव असायचं, पडेल पैलवानाला किती मिळत असे असं बोललं जायचं, हाड मोडलं तर दवाखान्याचा खर्च कोण करायचं. जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींशी हे ताडून पाहता येईल. काम मोठं आहे, पण पाच-दहा जणांनी वाटून घेतलं तर होण्यासारखं आहे, आणि त्याला आता फार वर्षं हाताशी नाहीत.