अपघाताने विवाह मोडतो काय?

गेल्या माघातील गोष्ट. भाईंदर येथे आमच्याच इमारतीत राहणारे एक वृद्ध स्नेही सायंकाळी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा व सून नाताळच्या सुटीत मनालीजवळ सोलंगला गेली होती. तेथे बर्फावरून घसरण्याच्या खेळात सून पडली व तिच्या कमरेचे हाड मोडले. ती पूर्ववत चालेल की नाही, याविषयी डॉक्टर साशंक होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर स्नेही खाली पाहत म्हणाले, "मास्तर, घरात काही मंडळी निराळेच बोलू लागली आहेत. अशा कारणास्तव घटस्फोट मिळतो का हो?"

प्रश्न ऐकून खेद झाला. परंतु तो एकाच घरचा नव्हे, म्हणून त्याचे उत्तर वाचकांसमोर ठेवितो.

प्रथम आपल्या स्मृतींकडे पाहू. पती बेपत्ता होणे, मृत होणे, संन्यास घेणे, क्लीब असणे व पतित होणे अशा पाच आपत्तींत स्त्रीने दुसरा पती करावा, असे नारद व पराशर सांगतात. त्यांत अपघाताने आलेल्या पंगुत्वाचे नाव नाही. पुढे बडोदे संस्थानाने 1931 साली व मुंबई प्रांताने 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले आणि 1955 साली हिंदू विवाह कायदा आला. त्यातील कारणे व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मनोविकार, संक्रामक गुप्तरोग, संन्यास व सात वर्षे ठावठिकाणा नसणे ही होत. मोडलेले हाड हे कारण येथेही नाही. कुष्ठरोग पूर्वी या यादीत होता. 2019 साली तोही वगळण्यात आला. शरीराच्या व्याधीपायी संसार मोडू नये, याच दिशेने कायदा चालला आहे, हे उघड आहे.

परस्परसंमतीची वाट 1976 पासून खुली आहे. मात्र त्यासाठी एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. अंथरुणास खिळलेल्या सुनेकडून दडपणाने सही घेतली, तरी निकालापूर्वी ती आपली संमती मागे घेऊ शकते. पतीने तिला टाकले तर परित्यागाचा दोष त्याच्याच माथी येतो, आणि स्वतःच्या दोषाचा लाभ घेऊन न्यायालयाकडे दाद मागता येत नाही. उलट दोन वर्षांनंतर दाद मागण्याचा अधिकार तिचा असतो. पोटगी पती व पत्नी या दोघांपैकी गरजू असेल त्यास मागता येते. सासरच्या घरात राहण्याचा हक्क पत्नीस 2005 च्या कायद्याने दिला आहे.

आता दुखापतीचा प्रश्न. मूल्य घेऊन खेळ शिकविणाऱ्याने साधने सदोष दिली अथवा देखरेख केली नाही, तर ती सेवेतील उणीव ठरते. "जोखीम आमची" अशा कागदावर सही केली, एवढ्यानेच निष्काळजीपणाचा दोष धुऊन जात नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते; त्यामुळे मीरा-भाईंदरच्या रहिवाशास हिमाचलास खेटे घालावे लागत नाहीत, ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पावती, छायाचित्रे व रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत. मिळणारी भरपाई ही जखमी सुनेची स्वतःची मालमत्ता होय. तिच्यावर सासरचा वा माहेरचा हक्क नाही.

हे सारे ऐकून स्नेही बराच वेळ स्तब्ध बसले. मी त्यांना इतकेच म्हणालो, "तुमच्या मुलाचे हाड मोडले असते आणि सुनेच्या माहेरी हीच चर्चा चालली असती, तर तुम्ही काय म्हटले असते?" त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. हातात सोलंगच्या खेळाची पावती होती. म्हणाले, "मास्तर, तक्रारीचा मसुदा सुनेच्याच नावाने करावयाचा ना?"