सांगली ते सातारा, काठीच्या सावलीने

सूर्याला सांगलीहून साताऱ्याला जायला तीन दिवस लागतात. 7 मेच्या सुमारास भर दुपारी तो सांगलीच्या बरोब्बर डोक्यावर येतो, 9 मेला कराडच्या, 10 मेला साताऱ्याच्या आणि 11 मेला वाई-फलटणच्या. दिवसाला साधारण 30 किलोमीटर, म्हणजे पायी दिंडीपेक्षा जरा उरकून. 21 जूननंतर तो उलटा फिरतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात याच गावांवरून परत दक्षिणेला जातो; पण तेव्हा साताऱ्यावर ढग असे बसलेले असतात की कुणाला पत्ता लागत नाही.

डोक्यावरच्या त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर्तमानपत्रं 'शून्य सावली दिवस' म्हणून गावोगावच्या तारखा छापतात. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रसार समितीने तर गावाची तारीख सांगणारं ॲपही काढलं आहे. दिल्लीच्या पोरांच्या नशिबी हे नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे आणि तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. सांगलीच्या पोराला वर्षातून दोनदा येतो.

लहान मुलांना शाळेबाहेर, उघड्यावर विज्ञान शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे कास पठार आणि सागरेश्वर अभयारण्य ही नावं पुढे येतात. दोन्ही जागा भारीच. पण तिथे सहल जाते, डबे खाल्ले जातात आणि संध्याकाळी गाडी परत येते. रोजच्या रोज, शाळेच्या पटांगणात किंवा घराच्या गच्चीवर वापरता येईल आणि पैसे लागणार नाहीत, असं साधन मला एकच दिसतं: शंकू, म्हणजे सपाट जमिनीवर सरळ उभी केलेली काठी.

साधन जुनं आहे. कात्यायन शुल्बसूत्रात दिशा ठरवायची रीत दिली आहे ती याच काठीने. काठीभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक जिथून वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर जिथून बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा तयार. पुढच्या ज्योतिषांनी शंकूचे 12 भाग, म्हणजे अंगुळं, पाडले आणि विषुवदिनी दुपारी पडणाऱ्या सावलीला पलभा म्हटलं. साताऱ्याची पलभा साधारण 3.8 अंगुळं, सांगलीची 3.6. गावाचा अक्षांश अंगुळांत मोजायची ही तऱ्हा.

तिसरी-चौथीच्या मुलाला शुल्बसूत्राचं काही घेणं नसतं. त्याला खडू हवा असतो. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक फुली मारायची, शेजारी वेळ लिहायची, एवढंच काम. तासाभरात फुल्यांची ओळ सरकलेली दिसते आणि वाद सुरू होतात: काठी कुणी हलवली? इथूनच विज्ञान सुरू होतं, आणि शाळेत नेमकं इथेच घोडं अडतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या तासिकेत सावलीची चाल दिसत नाही. मुलं 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे पाठ करतात आणि घंटा होते. सावलीला शाळा सुटल्यानंतरचा मोकळा वेळ लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. मुलं दुपारच्या आत सुटतात. रेंगाळायला आवडणारी पाच-सहा पोरं आणि त्यांच्यासोबत उन्हात उभे राहणारे एखादे गुरुजी किंवा बाई असतील, तर शनिवारची दुपार ही शंकूची हक्काची वेळ.

फुल्या बघितल्या की पाठ्यपुस्तकी समजुती एकेक गळू लागतात. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही. मे महिन्यात सांगलीत ती साडेबाराच्या जरा आधी पडते, साताऱ्यात दोनेक मिनिटांनी उशिरा. घड्याळ चुकलेलं नसतं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आठ-साडेआठ अंश आहोत. एका अंशाला चार मिनिटं. दुसरी गंमत पावसाळ्यातली. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, कारण सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. 21 जूनला सांगलीत एक मीटर काठीची सावली साडेअकरा सेंटिमीटर, दक्षिणेला. ढगांनी तासभर उघडीप दिली तर कुणालाही मोजता येईल.

पण शंकूचा खरा कस लागतो तो मेमध्ये, आणि त्यासाठी दोन जिल्हे लागतात. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला. सायीन, म्हणजे आजचं अस्वान, इथे सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो सात अंशांनी कललेला होता. आपल्याला इतकं लांब जायला नको. सांगलीत सावली शून्य असते त्या दुपारी साताऱ्यात एक मीटर काठीला दीड सेंटिमीटरच्या जरा आत, जवळजवळ 14.5 मिलिमीटर सावली पडते. नकाशावर दोन्ही शहरांतून आडव्या रेषा काढून त्यांच्यामधलं उभं अंतर मोजलं तर सुमारे 92 किलोमीटर भरतं. एसटीचा रस्ता याहून बराच लांब, पण तो इथे कामाचा नाही. फक्त दक्षिणोत्तर अंतर धरायचं.

आता त्रैराशिक. दोन्ही गावांच्या काठ्या जमिनीत खाली खाली वाढवत नेल्या तर त्या पृथ्वीच्या मध्याशी मिळतील. तिथे होणारा निमुळता त्रिकोण आणि काठी-सावलीचा त्रिकोण यांचा आकार सारखाच. म्हणून सावलीच्या जितके पट काठी, 92 किलोमीटरच्या तितके पट पृथ्वीची त्रिज्या. 1000 भागिले 14.5 म्हणजे जवळपास 69 पट. 92 गुणिले 69: 6348 किलोमीटर. पुस्तकातला आकडा 6371. यात साइन-कोसाइन कुठे नाही. आहे तो गुणाकार-भागाकार, जो चौथीच्या मुलाला येतो.

हे कागदावर छान दिसतं. गच्चीवर घाम काढतं. एक मिलिमीटर चुकलात तर त्रिज्या सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरने बदलते. सूर्याची चकती अर्ध्या अंशाची असल्यामुळे सावलीची कड धूसर होते. एक मीटर उंचीवरून पडलेल्या सावलीला नऊ मिलिमीटर रुंदीची करडी झालर येते, आणि आपल्याला मोजायचे असतात साडेचौदा. झालरीचा मध्य कुठे, यावर दोन मुलांचं एकमत होत नाही. सरासरी कशासाठी काढायची असते, हे इथे आपसूक कळतं. सूर्य सांगलीवर मिनिट-सेकंदाच्या हिशेबाने तंतोतंत येतोच असं नाही. तिथे मिलिमीटर-दोन मिलिमीटर सावली उरली तर तीही हिशेबात धरावी लागते.

सगळ्यात घातक काठीचा कल. दोन शहरांमधला कोन अंशाहून लहान आहे. काठी एका अंशाने झुकली, म्हणजे टोकाला पावणेदोन सेंटिमीटर, की सगळं मुसळ केरात. म्हणून काठीला सुट्टी द्यावी आणि गवंड्याचा ओळंबा मागून आणावा. तिवईवरून ओळंबा सोडायचा, दोऱ्यात जमिनीपासून एक मीटरवर मणी ओवायचा. ओळंब्याचं टोक दाखवेल ती मूळ जागा. तिथपासून मण्याच्या सावलीपर्यंतचं अंतर हीच आपली सावली. दोरा झुकत नाही, गुरुत्वाकर्षण त्याला सरळ ठेवतं. वारा मात्र हलवतो, तेव्हा दोरा शांत होईपर्यंत थांबायचं. मूळ जागा वारा पडलेला असताना आधीच खडूने मारून ठेवायची. गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो, म्हणून खाली फळी घालून ती पाणसळीने सपाट करायची. गवंड्याला हे सगळं पाठ असतं. ज्या मुलाचा बाप किंवा काका गवंडीकाम करतो, तो त्या दुपारी वर्गातला सगळ्यात जाणकार ठरतो, आणि हे मला पृथ्वीच्या त्रिज्येइतकंच मोलाचं वाटतं.

मेमध्ये शाळांना सुट्टी असते, पोरं मामाच्या गावाला पांगलेली असतात. शून्य सावली दिवसाचे कार्यक्रम होतात ते बहुतेक हौशी मंडळींच्या जोरावर. महाराष्ट्रात अशी परंपरा आहे: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून, मराठी विज्ञान परिषद 1966 पासून. माझी तक्रार त्या दिवसाच्या उत्सवी रूपाबद्दल आहे. बाटली उभी करायची, सावली गेली म्हणून टाळ्या, फोटो, सरबत, समाप्त. आदल्या आठवड्यात सावली आखूड होत गेली ती कुणी मोजलेली नसते आणि पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या बाजूला निघाली ती कुणी पाहिलेली नसते. वर्षभर फुल्या मारलेल्या मुलालाच शून्याचं अप्रूप कळेल.

म्हणून सुरुवात मेमध्ये करू नये. 22 डिसेंबर धरावा. आकाश निरभ्र असतं आणि दोन्ही जिल्ह्यांत शाळा भरलेल्या असतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास एक मीटरच्या शंकूची सावली सांगलीत पावणेपंच्याऐंशी सेंटिमीटर आणि साताऱ्यात सव्वासत्त्याऐंशी पडते. अडीच सेंटिमीटरचा फरक, साध्या फूटपट्टीने दिसणारा. त्यावरून त्रिज्या काढणं चौथीला झेपणार नाही, पण उत्तरेला गेलं की सावली लांबते हे कळेल आणि हात सरावतील. लागतील ते दोन ओळंबे, दोन फळ्या, आणि सांगलीच्या एखाद्या बाईंनी साताऱ्याच्या एखाद्या सरांना आधी केलेला फोन. मेमध्ये मुलं गावाला जाण्यापूर्वी तोच फोन पुन्हा करायचा.