संकल्पनाधारित अंतर्गत रचना : घर, दुकान, कार्यालय आणि आतिथ्यस्थळ

प्रस्तावना :

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाच्या काळात महाराष्ट्रातील शहरांचे रूप झपाट्याने पालटले. सदनिकांची संकुले, मॉल, माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कार्यालये व उपाहारगृहे वाढली आणि त्यांबरोबर 'इंटिरियर' हा शब्द मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बोलण्यात रुळला. मात्र या शब्दाचा अर्थ बहुधा फॉल्स सीलिंग, पडदे, रंग व फर्निचर एवढ्यापुरताच घेतला जातो. वास्तविक अंतर्गत रचना म्हणजे केवळ सजावट नव्हे. माणूस एखाद्या जागेत कसा वावरेल, कोठे बसेल, कोणाला दिसेल, किती वेळ उभा राहील याचा निर्णय ती रचना करीत असते. या निर्णयांना एका सूत्रात बांधणारा विचार म्हणजे 'संकल्पना' होय. प्रस्तुत लेखात संकल्पनाधारित अंतर्गत रचनेचे स्वरूप घर, दुकान, कार्यालय व आतिथ्यस्थळ या चार क्षेत्रांतील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना म्हणजे काय?

संकल्पना आणि 'थीम' या दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. उपाहारगृहात बैलगाडीचे चाक, कंदील आणि भिंतीवर वारली चित्रे लावली, की 'गावाची थीम' तयार होते. परंतु खुर्च्यांची मांडणी, स्वयंपाकघराची जागा, आवाज व उजेड यांवर त्या चाकाचा काहीही परिणाम होत नाही. चाक काढून तेथे जहाजाचे सुकाणू टांगले तरी जागा तशीच चालेल. संकल्पना मात्र अशी काढून ठेवता येत नाही. ती काढली तर आराखडाच बदलावा लागतो. थोडक्यात, थीम जागेवर चढवली जाते, तर संकल्पनेतून जागा घडते.

संकल्पना साधारणपणे एका वाक्यात मांडता यावी अशी अपेक्षा असते. त्यापूर्वी जागा वापरणारे कोण, त्यांचा दिनक्रम कसा, हवामान कोणते, खर्चाची मर्यादा किती, याचा अभ्यास होतो. त्यानंतर आराखडा, साहित्य, प्रकाश, रंग व फर्निचर या क्रमाने निर्णय घेतले जातात. प्रत्यक्षात अनेकदा हा क्रम उलटा होतो. आधी टाइल्स व पडदे निवडले जातात आणि त्यांना शोभेल असे नाव मागाहून दिले जाते.

घर : वाड्यापासून ओट्यापर्यंत

महाराष्ट्रातील पारंपरिक वाडा हे अलिखित संकल्पनेचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर व परसू या क्रमाने बाहेरच्या माणसाचा प्रवेश टप्प्याटप्प्याने मर्यादित होत जातो. कोण ओसरीपर्यंत येईल आणि कोण माजघरापर्यंत, हे न सांगता समजते. चौकामुळे आतल्या खोल्यांना उजेड व वारा मिळतो. या रचनेत सोय होती, तशीच जात व लिंग यांवर आधारित बंधनेही होती, हे विसरून चालणार नाही. जागेची संकल्पना समाजाच्या कल्पनांपासून अलिप्त नसते, हे येथे स्पष्ट होते.

परंपरेचे बाह्य रूप न उचलता तिच्यामागील तत्त्व कसे घेता येते, याचे उदाहरण म्हणून वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतील कांचनजंगा या इमारतीचा उल्लेख करावा लागेल. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या २८ मजली इमारतीत ३२ सदनिका आहेत. मुंबईत समुद्राचा वारा व उत्तम दृश्य पश्चिमेला मिळते, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही त्याच बाजूने येतो. जुने बंगले याच कारणाने सभोवार व्हरांडा ठेवीत. कोरियांनी तो व्हरांडा दोन मजले उंचीच्या कोपऱ्यातील गच्चीच्या रूपाने उंच इमारतीत नेला. जुन्या बंगल्याचे कौलारू छप्पर किंवा नक्षीदार खांब येथे नाहीत. आहे ती ऊन-पावसापासून संरक्षण देणारी मधली जागा.

घरातील सर्वांत जास्त श्रमाची जागा म्हणजे स्वयंपाकघर. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफर्ट येथील नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा एक नमुना तयार केला. त्याची लांबी-रुंदी साधारण ३.४ मीटर × १.९ मीटर एवढीच होती. रेल्वेच्या भोजनयानातील स्वयंपाकघर व कारखान्यांतील श्रमाचा अभ्यास यांतून 'कमीत कमी पावलांत काम' ही संकल्पना पुढे आली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसविण्यात आली. आजच्या मॉड्युलर किचनचा उगम या नमुन्यात शोधला जातो. श्रम निश्चितच कमी झाले, परंतु पुढे त्यावर टीकाही झाली. त्या जागेत एकच व्यक्ती मावत असल्याने स्त्री स्वयंपाकघरात एकटी पडली आणि घरातील इतरांच्या मदतीला जागाच उरली नाही. चांगल्या हेतूची संकल्पनाही कोणते काम कोणाकडे राहील हे नकळत ठरवून टाकते, हा त्यातील धडा आहे.

मराठी घरांत जमिनीवरील चुलीपासून उभ्याच्या ओट्यापर्यंतचा बदल गेल्या शतकात घडला. बसून करावयाचे काम उभ्याने होऊ लागले, तेव्हा ओट्याची उंची हा आरोग्याचा प्रश्न बनला. हलक्या कामासाठी ओट्याचा पृष्ठभाग कोपरापेक्षा साधारण १० ते १५ सें.मी. खाली असावा, असे श्रमशास्त्र सांगते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सें.मी.च्या आसपास आहे. अशा स्त्रीचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सें.मी. उंचीवर येते. म्हणजे तिच्यासाठी ८० ते ८५ सें.मी. उंचीचा ओटा योग्य ठरतो. परदेशी धर्तीच्या तयार किचनमध्ये ही उंची ९० सें.मी.च्या जवळपास असते. पोळी लाटताना खांदे उचलावे लागत असतील, तर कितीही चकचकीत किचन त्या घरापुरते अपयशी होय. ज्या घरात सासू आणि सून यांच्या उंचीत बराच फरक आहे, तेथे लाटण्यासाठी वेगळ्या उंचीचा फळा पुरविणे हाही संकल्पनेचाच भाग ठरतो.

दुकान : गादीपासून काउंटरपर्यंत

जुन्या कापड दुकानात पांढऱ्या चादरीची गादी, लोड-तक्के आणि समोर उलगडलेली लुगडी असा थाट असे. विक्रेता व ग्राहक एकाच पातळीवर बसत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काठ, पदर व जर ठळकपणे दिसे. 'सावकाश बसून निवडा' ही त्या जागेची संकल्पना होती. रंगाची खात्री करण्यासाठी लुगडे दाराशी, उजेडात नेऊन पाहण्याची पद्धतही होती. त्यामागे शास्त्रीय कारण आहे. दोन कापडे एका प्रकाशात एकाच रंगाची भासतात व दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसतात. कृत्रिम दिवा रंग किती अचूक दाखवितो हे रंगदर्शन निर्देशांकाने मोजतात. या मोजपट्टीवर १०० हे कमाल मूल्य असून कापड दुकानासाठी ९० किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचे दिवे योग्य मानले जातात. दुकानाच्या छतावर मोठा खर्च करून स्वस्त दिवे बसविल्यास ग्राहक घरी गेल्यावर साडी बदलून घेण्यासाठी परत येतो.

गादी गेली आणि काउंटर आले, तेव्हा ग्राहकाची सोय झाली. गुडघेदुखी असलेल्या वृद्धांनाही खुर्ची मिळाली. मात्र काउंटरमागील विक्रेता दिवसभर उभा राहिला. अनेक आकर्षक दालनांच्या आराखड्यांत कर्मचाऱ्याला टेकण्यासाठी साधे स्टूलही नसते. कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या दीर्घ संघर्षानंतर केरळने २०१८ मध्ये आपल्या दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. जी गोष्ट आराखड्यात एका रेषेने साधली असती, तिच्यासाठी कायदा करावा लागला, ही बाब रचनाकारांना अंतर्मुख करणारी आहे.

कार्यालय : एका संकल्पनेची परवड

कार्यालयाच्या अंतर्गत रचनेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी त्यांनी 'ॲक्शन ऑफिस' ही प्रणाली विकसित केली. तिचे पहिले रूप १९६४ मध्ये व सुधारित रूप १९६८ मध्ये बाजारात आले. रांगेने मांडलेल्या टेबलांऐवजी प्रत्येकाला बसून व उभ्याने काम करता येईल, थोडा एकांत मिळेल आणि गरजेप्रमाणे बदलता येईल अशी हलती पार्टिशने व वेगवेगळ्या उंचीचे पृष्ठभाग त्यात होते. परंतु कंपन्यांनी त्यातील पार्टिशने तेवढी उचलली आणि कमी जागेत अधिक माणसे बसविण्यासाठी ती काटकोनात जोडली. त्यातून चौकोनी 'क्युबिकल' जन्माला आले. उत्तरायुष्यात खुद्द प्रॉप्स्ट यांनीच या प्रकाराचा तीव्र निषेध केला.

याउलट हर्मन हर्ट्झबर्गर यांनी नेदरलँड्समधील ॲपेलडॉर्न येथे सेंट्राल बेहेर या विमा कंपनीसाठी १९७२ मध्ये पूर्ण केलेल्या इमारतीत लहान लहान चौरस मंचांची गुंफण केली. जागा मुद्दाम अपुरी सजविलेली ठेवण्यात आली व कर्मचाऱ्यांनी तेथे आपापली झाडे, चित्रे, वस्तू आणून ती पूर्ण करावी, अशी अपेक्षा होती. वापरणाऱ्याला वाव देणे हीच तेथील संकल्पना होती. या दोन उदाहरणांवरून असे दिसते, की संकल्पना कागदावर कितीही उदात्त असली, तरी जागेच्या भाड्याचा हिशेब ज्याच्या हातात असतो तो तिचा अर्थ बदलू शकतो.

आतिथ्यस्थळ : इराणी हॉटेलाचा धडा

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांची अंतर्गत रचना कोणा नामांकित रचनाकाराने केली नव्हती. तरीही ती ओळखता येते : रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा, उंच छत, संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे व दाराशी गल्ला. यांतील प्रत्येक गोष्ट व्यवहारातून आलेली आहे. कोपऱ्यामुळे दोन बाजूंनी उजेड व गिऱ्हाईक येई. संगमरवर एका फडक्याने पुसता येई. आरशांमुळे जागा मोठी भासे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सगळे दालन दिसे. चहा आणि ब्रून मस्का एवढ्यावर विद्यार्थी, कामगार, पत्रकार यांना टेबल मिळे. जागा सर्वांना खुली असणे, हा या रचनेचा गाभा होता.

पुढे ही हॉटेले एकेक करून बंद पडू लागली. २०१० मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या 'दिशूम' या उपाहारगृहाने मात्र मुंबईच्या इराणी कॅफेपासून प्रेरणा घेतली. त्याच्या प्रत्येक शाखेसाठी एक काल्पनिक कथा रचून तीनुसार अंतर्गत रचना केली जाते. संकल्पनाधारित आतिथ्यस्थळाचे ते यशस्वी उदाहरण आहे. परंतु स्वस्त चहावर तासभर बसू देणारी अर्थव्यवस्था खुर्च्यांबरोबर स्थलांतरित होत नाही, याचीही नोंद घ्यावी लागते.

आतिथ्यस्थळी वातावरणनिर्मितीला महत्त्व असले, तरी सुरक्षितता तिच्या आधी येते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ज्वलनशील आच्छादने व बाहेर पडण्याचे मार्ग यांवर सार्वजनिक चर्चा झाली. बांबू, कापड, गवत अशा साहित्याची निवड करताना ते पेटल्यास लोक कोठून बाहेर पडतील, हा प्रश्न संकल्पनेच्या पहिल्याच पानावर असला पाहिजे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) संकल्पना ही सजावटीची बाब नसून आराखडा, साहित्य व प्रकाश यांना दिशा देणारा विचार आहे.

२) परंपरेचे अनुकरण करताना तिचे रूप नव्हे, तर त्यामागील तत्त्व घेणे श्रेयस्कर ठरते.

३) संकल्पनेची कसोटी पैसे देणाऱ्या मालकाच्या किंवा ग्राहकाच्या समाधानावर थांबू नये. त्या जागेत सर्वाधिक तास श्रम करणाऱ्या व्यक्तीला ती कशी वाटते, हे पाहणे आवश्यक आहे.

४) गृहविज्ञान, समाजशास्त्र, वाणिज्य, भौतिकशास्त्र व इतिहास या विषयांचा येथे संगम होत असल्याने महाविद्यालयीन स्तरावर आंतरविद्याशाखीय प्रकल्पांसाठी हा विषय उपयुक्त आहे. आपल्याच गावातील एखादे दुकान, ओटा किंवा महाविद्यालयाचे वाचनकक्ष मोजपट्टी घेऊन अभ्यासण्यापासून विद्यार्थ्यांना त्याची सुरुवात करता येईल.

ओट्याशी उभी राहणारी गृहिणी, काउंटरमागची विक्रेती व क्युबिकलमधील कारकून यांना आराखड्याच्या बैठकीत क्वचितच बोलाविले जाते. त्यांना विचारून ठरलेली संकल्पना कदाचित कमी झगमगीत असेल, पण ती अधिक काळ टिकेल, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.