सिएनाच्या सतरा पेठा

बँकिंगच्या इतिहासात इटलीतील सिएना नगराचे नाव ठळकपणे येते. १४७२ साली येथे स्थापन झालेली ‘मोंते देई पास्की’ ही आजही कार्यरत असलेली जगातील सर्वांत जुनी बँक मानली जाते. मात्र मध्ययुगात मुळे असलेली आणखी एक संस्था या नगरात नांदते आहे. ती म्हणजे येथील पेठ. इटालियन भाषेत ‘कोन्त्रादा’.

दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत पाहण्यासाठी मुख्य चौकात हजारो पर्यटक दाटीवाटीने उभे राहतात. खोगीर नसलेले दहा घोडे चौकाला तीन फेऱ्या घालतात आणि सुमारे दीड मिनिटात सारे संपते. बहुतेक पाहुणे त्यानंतर लगेच परततात. सिएना खऱ्या अर्थाने पाहायचे तर गल्ल्यांत शिरावे लागते.

तेथे घरांच्या कोपऱ्यांवर लहान फलक दिसतात: कुठे गोगलगाय, कुठे हंस, कुठे लांडगी, तर कुठे चक्क जिराफ. ही पेठांची चिन्हे. अशा सतरा पेठा असून त्यांच्या सीमा १७२९ च्या फर्मानाने निश्चित झाल्या. प्रत्येक पेठेचे स्वतःचे प्रार्थनामंदिर, संग्रहालय आणि सभागृह असते. चर्चमधील बाप्तिस्म्याखेरीज पेठेच्या कारंज्यावर मुलांचा वेगळा नामविधी होतो व त्यांच्या गळ्यात पेठेचा रुमाल बांधला जातो. ही ओळख जन्मभराची. पती-पत्नी प्रतिस्पर्धी पेठांचे असतील, तर शर्यतीच्या दिवसांत दोघेही आपापल्या ‘माहेरी’ राहतात, असे तेथे कौतुकाने सांगितले जाते!

शर्यतीचे नियमही नवलाचे आहेत. घोडा चिठ्ठ्या टाकून मिळतो. स्वार मोबदला देऊन आणलेला, बहुधा परका असतो. पेठांचे कप्तान आपसांत गुप्त आर्थिक करार करतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. स्वार पडला तरी घोडा एकटा जिंकू शकतो. दुसरा क्रमांक ही मोठी नामुष्की. सर्वाधिक काळ विजयाविना राहिलेल्या पेठेला ‘नोन्ना’, म्हणजे आजी, म्हणून चिडवतात. लांडगीची पेठ १९८९ नंतर थेट २०१६ साली जिंकली, तेव्हा कुठे तिचे ते आजीपण संपले. घोड्यांना होणाऱ्या इजांवरून प्राणिप्रेमी मात्र या प्रथेवर टीका करतात, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पाहुण्याने शर्यतीचा दिवस टाळून आले तरी बिघडत नाही. पेठांची संग्रहालये पूर्वसूचना देऊन पाहता येतात. तेथे जिंकलेले रेशमी ध्वज पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. शर्यतीच्या आदल्या रात्री रस्त्यावर मांडलेल्या लांबच लांब टेबलांवर पेठेचे सहभोजन होते. काही पेठांत नोंदणी करून पाहुण्यांनाही त्यात जागा मिळते. केवळ शोभेसाठी एखाद्या पेठेचा रुमाल गळ्यात घालून तिच्या वैऱ्याच्या गल्लीत फिरणे मात्र टाळावे.

२०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे शर्यती झाल्या नाहीत. मार्च २०२० मधील टाळेबंदीत एका रात्री ओस पडलेल्या गल्लीत एक आवाज उमटला. पाठोपाठ बंद घरांच्या खिडक्यांतून एकेक आवाज मिळत गेला, आणि शेजाऱ्यांनी मिळून नगराचे जुने गीत गायिले.