हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि आकस्मिक मृत्यू

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, ठोक्याची विद्युत्-प्रेरणा उत्पन्न करणारा एक लहान पेशीसमूह असतो आणि विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साधारण 60 ते 100 ठोके देतो. ही लय बिघडणे म्हणजे अतालता. तिचे बरेच प्रकार निरुपद्रवी असतात, तर अलिंदांचा कंप मुख्यतः रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याच्या दृष्टीने घातक ठरतो. खरा तातडीचा धोका निलयांच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या, कंपाचा असतो. त्यात हृदय थरथरते, पण रक्त पुढे ढकलत नाही, आणि रोगी काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. लोक याला सरसकट ‘हार्ट अटॅक’ म्हणतात. वास्तविक हार्ट अटॅक हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याने होतो, आणि असा कंप हा त्याचा एक संभाव्य परिणाम होय.

उपचाराविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटवत असल्याने अंतराला येथे फार महत्त्व येते. उदाहरणार्थ, भोर तालुक्यातील किकवी हे गाव पुणे-सातारा महामार्गावर आहे आणि 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. तथापि भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ वाड्यांपर्यंत ती काही मिनिटांत पोहोचेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून 108 ला कळवताच जवळच्या व्यक्तीने छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहणे, आणि विद्युत्-झटका देणारे यंत्र मिळताच ते वापरणे, हाच उपाय उरतो.